दृश्याची मजुरी

रावेल्लोला समुद्रकिनारा नाही. समुद्र आहे, हवा तेवढा आहे, पण तो साडेतीनशे मीटर खाली. नेपल्सच्या दक्षिणेला डोंगरांची एक रांग थेट समुद्रात घुसते. तिच्या दक्षिण उतारावर आमाल्फीचा किनारा आहे, आणि त्या किनाऱ्याच्या डोक्यावर, कड्याच्या टोकाशी, जेमतेम अडीच हजार वस्तीचं हे गाव. इथे पोहायला कुणी येत नाही. लोक बघायला येतात. बघण्यासाठी गावभर कठडे आहेत, सज्जे आहेत, बाकं आहेत. दोन मोठ्या बागा आहेत, त्यांत शिरायला तिकीट लागतं. खोलीतून समुद्र दिसत असेल तर भाडं वाढतं. एखादं गाव आंब्यावर चालतं, एखादं मासळीवर, तसं हे गाव दृश्यावर चालतं.

एप्रिलच्या शेवटी मी आणि माझी एक मैत्रीण तिथे चार दिवस राहिलो. ती इटलीत शिकते, तिला भाषा येते. चार दिवसांत आम्ही जे बघितलं त्यातलं बरंचसं कुठल्याही गाईडबुकात सापडेल. पण एक प्रश्न तिथून सोबत आला आणि तो काही अजून जात नाही. एखादी गोष्ट सुंदर आहे असं म्हणताना, ती तशी राहावी म्हणून कुणाची पाठ झिजते हे लक्षात घ्यायचं की नाही? आणि घ्यायचं असेल, तर घेऊन पुढे करायचं काय? नुसतं वाईट वाटून घ्यायचं?

*

आधी गाव. 'सांस्कृतिक सहल' म्हटल्यावर जे जे डोळ्यांसमोर येतं ते सगळं रावेल्लोत पाचेक मिनिटांच्या अंतरात आहे. तेराव्या शतकात रुफोलो हे इथलं बडं व्यापारी घराणं होतं. त्यांचा वाडा म्हणजे आजचा व्हिला रुफोलो. १८५१ साली फ्रान्सिस नेव्हिल रीड नावाच्या स्कॉटिश माणसाने तो पडका वाडा विकत घेऊन दुरुस्त केला आणि बाग उभी केली. २६ मे १८८० रोजी जर्मन संगीतकार वाग्नर तिथे आला. तो तेव्हा 'पार्सिफाल' या ऑपेरावर काम करत होता आणि त्यातल्या क्लिंगसोर या मांत्रिकाची जादूची बाग कशी दिसावी हे त्याला सापडत नव्हतं. इथली बाग बघून त्याला ती सापडली, आणि तसं तो वहीत लिहूनही गेला. त्या एका भेटीवर गावाने पुढचं दीड शतक काढलं म्हटलं तरी चालेल. १९५३पासून इथे संगीत महोत्सव भरतो. उन्हाळ्यात बागेच्या कडेला, कड्याबाहेर अधांतरी वाटावा असा मंच बांधतात. वादक वाजवतात आणि त्यांच्या पाठीमागे फक्त आभाळ आणि समुद्र.

दुसरी बाग व्हिला चिम्ब्रोनेची. अर्नेस्ट बेकेट या इंग्रज उमरावाने १९०४ साली ती जागा घेतली आणि निकोला मान्सी या रावेल्लोच्याच माणसाला हाताशी धरून बाग नव्याने घडवली. बागेच्या टोकाला संगमरवरी अर्धपुतळ्यांची रांग असलेला प्रसिद्ध सज्जा आहे. त्याचं नावच 'अनंताचा सज्जा'. इथे उभं राहिलं की समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते खरंच कळत नाही. फोटोसाठी रांग लागते. आम्हीही रांगेत उभ्या राहिलो, आणि फोटो छान आले.

गावच्या चौकात कॅथेड्रल आहे. आत संगमरवराचं एक उंच व्यासपीठ आहे, १२७२ सालचं. सहा पिळाचे खांब, आणि प्रत्येक खांब एका चालत्या सिंहाच्या पाठीवर. सिंहांचे चेहरे मला बराच वेळ धरून राहिले. वर एवढा भार आणि तरी पाऊल पुढे. या व्यासपीठावर नावं कोरलेली आहेत. पैसे देणाऱ्या निकोला रुफोलोचं आहे, आणि घडवणाऱ्या कारागिराचंही आहे: निकोला दि बार्तोलोमेओ, फोज्जा गावचा. साडेसातशे वर्षांपूर्वीचा पाथरवट स्वतःचं नाव दगडात सोडून गेला, ही गोष्ट मला फार आवडली.

म्हणजे या गावात बघण्यासारखं जे जे आहे त्याच्यामागे नाव आहे. मालकाचं, कलावंताचं, निदान येऊन गेलेल्या पाहुण्याचं. बोक्काच्चोच्या 'डेकामेरॉन'मध्येसुद्धा रावेल्लोचा एक लान्दोल्फो रुफोलो येतो. श्रीमंत असून दुप्पट श्रीमंत व्हायला निघालेला व्यापारी. कंगाल होतो, चाचा होतो, जहाज फुटतं, आणि एका पेटीला धरून तरंगत तो कोर्फू बेटाला लागतो. तिथे किनाऱ्यावर वाळूने भांडी घासणारी एक गरीब बाई त्याला ओढून बाहेर काढते, शेकते, जगवते. पेटीत रत्नं निघतात. गावी परतल्यावर लान्दोल्फो त्या बाईला आठवणीने पैसे पाठवतो. बाईला मात्र बोक्काच्चोने नाव दिलेलं नाही.

*

तिसऱ्या दिवशी आम्ही रावेल्लोहून पायऱ्यांनी खाली मिनोरीला उतरलो आणि तिथून लिंबांच्या जुन्या वाटेने मायोरीपर्यंत चालत गेलो. वरून जी हिरवी नक्षी दिसत होती, तिच्या आत आता आम्ही होतो. आणि आत आल्यावर ती नक्षी राहिली नाही, तिच्या भिंती झाल्या.

हा सगळा डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा आहे. माणसाच्या कमरेएवढ्या, कुठे डोक्याच्याही वर जाणाऱ्या भिंती, एकीवर एक, समुद्रापासून थेट वरपर्यंत. त्यांना तिथे 'माचेरे' म्हणतात. दगडावर दगड, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. प्रत्येक भिंतीमागे मातीची चिंचोळी पट्टी, पट्टीवर लिंबं. इथलं लिंबू लांबुळकं, टोकदार असतं, चातीसारखं. म्हणून त्याचं नाव 'स्फुसातो'. झाडांवर चेस्टनटच्या लाकडांचा मांडव असतो. त्यावर पूर्वी थंडीत वाळक्या फांद्या पसरायचे, आता काळी जाळी घालतात.

कोकणातल्या माणसाला हे बघून लगेच ओळख पटते. आमच्याकडे त्याला गडगा म्हणतात. चिरे किंवा कातळाचे तुकडे नुसते रचून केलेली भिंत. देवगडकडे आमच्या घराभोवती असा गडगा आहे आणि तो दर पावसाळ्यानंतर कुठेतरी ढासळतो. त्यामुळे अशी भिंत कशी काम करते ते मला सांगावं लागलं नाही. तिच्या फटींतून पाणी झिरपून जातं, म्हणून ती टिकते. सिमेंटने फटी बुजवल्या आणि पाण्याला वाट ठेवली नाही, तर मागे पाणी साठून तेच भिंतीला ढकलतं. आणि कोरड्या भिंतीला सतत हात लागतो. एका जागी पोट आलं की तेवढा भाग उतरवून पुन्हा रचायचा. नाही रचला तर तो पडतो, त्याची माती खालच्या पट्टीवर, तिचा भार खालच्या भिंतीवर, आणि मग एकामागून एक. डोंगर अशा हजारो भिंतींनी धरलेला आहे आणि त्या भिंती माणसांनी.

या वाटेवर एके काळी बायका लिंबं वाहायच्या. पाठीवर, खांद्यावर, पन्नास किलोंहून जास्त वजनाच्या टोपल्या, शेकडो पायऱ्या उतरून बंदरापर्यंत, दिवसातून अनेक खेपा. लोक त्यांना 'फोर्मिकेल्ले' म्हणत, म्हणजे छोट्या मुंग्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चाललं. या बायकांची नावं कुठल्याही व्यासपीठावर नाहीत. माचेरे रचणाऱ्यांचीही नाहीत. आणि तरी १९९७ साली युनेस्कोने आमाल्फीचा किनारा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला तेव्हा तो निव्वळ निसर्ग म्हणून केलेला नाही, सांस्कृतिक भूदृश्य म्हणून केला. अवघड जमिनीशी माणसांनी कसं जमवून घेतलं याचं उदाहरण म्हणून. कोरड्या भिंती रचण्याची कलाही २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेली, इटलीसह अनेक देशांच्या नावे.

तेव्हा वरून जे बघून आम्ही 'काय निसर्ग आहे!' म्हणालो होतो, त्यातला निसर्ग म्हणजे समुद्र आणि आभाळ. उरलेलं सगळं बांधकाम.

*

वाटेत एक म्हातारा माणूस पडलेली भिंत उभारत होता. मैत्रिणीने थांबून त्याला सांगितलं की हे सगळं किती सुंदर आहे. त्याने आभार मानले आणि कामाचीच गोष्ट काढली. फेब्रुवारीच्या पावसात हा तुकडा पडला, तीन आठवडे झाले रचतोय, लिंबांच्या भावात हे बसत नाही. मग बसवता कसं, असं हिने विचारलं. मुलगा हॉटेलात ड्रायव्हर आहे, तो म्हणाला. पर्यटकांना ने-आण करतो. त्याच्या पगारातून.

हे उत्तर मला तेव्हापासून पुरून उरलं आहे. कारण पर्यटनाविरुद्धचा माझा जो तयार निबंध होता, म्हणजे पर्यटन येतं, पोरं शेत सोडून हॉटेलात जातात, भिंती पडतात, तो अर्धाच निघाला. पोरगा शेत सोडून गेला हे खरं. पण तो जे कमावतो त्यातूनच बापाची भिंत उभी राहते हेही खरं. आमच्यासारख्या दोघी टॅक्सीत बसतात, त्यातले काही युरो फिरत फिरत त्या दगडांपर्यंत पोचतात. फक्त ते कुणी ठरवलेलं नाही. बापाचं प्रेम आणि मुलाची जबाबदारी यांच्या भरवशावर ते चाललंय. मुलाने उद्या मिलानला नोकरी धरली की संपलं.

थोडं पुढे एका उतारावर रूळ दिसला. एकच दातेरी पट्टी, तिच्यावरून मोटारीने चढणारी लहानशी गाडी, लिंबांचे क्रेट वाहून न्यायला. अशा उतारांवर आता खेचरांच्या जोडीला ही गाडी आली आहे. मैत्रीण फोटो काढत होती. म्हणाली, "अगं, हा रूळ मध्ये नसता ना, तर काय फ्रेम होती!"

मी म्हटलं, "रूळ नसता तर इथे बाई असती. टोपली घेऊन."

"ती तर आणखी भारी आली असती फोटोत," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघीही काही वेळ गप्प चाललो.

*

कांटने हा प्रश्न १७९० मध्येच बाजूला काढून ठेवला होता. 'क्रिटिक ऑफ जजमेंट' या ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो एका राजवाड्याचं उदाहरण देतो. समजा, मला कुणी विचारलं, समोरचा राजवाडा सुंदर आहे का? मी म्हणू शकतो, असल्या दिखाऊ गोष्टी मला आवडत नाहीत. मी रूसोसारखा संतापून म्हणू शकतो की बड्या लोकांच्या मिरवण्यापायी रयतेचा घाम वाया गेला. कांट म्हणतो, हे सगळं मान्य करू, पण प्रश्न तो नाहीच. प्रश्न एवढाच, की नुसतं बघताना तुला आनंद होतो का? ज्या निवाड्यात कसलाही हितसंबंध शिरला तो सौंदर्याचा निर्मळ निवाडा राहत नाही.

वाड्यापुरतं हे पटतं. ताजमहाल बघताना पगारपत्रक मागणारा माणूस कंटाळवाणाच वाटेल. घामाचा हिशेब मागायला वेगळी जागा आहे, आणि मराठीत तो हिशेब फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून मागितलाच आहे. पण वाडा आणि ही टेकडी यांत एक फरक आहे. वाडा बांधून झाला की बांधणारे घरी जातात. घाम भूतकाळात जमा होतो. या टेकडीवर तो कधीच भूतकाळात जात नाही. ज्या क्षणी तुम्ही कठड्याला टेकून बघताय त्या क्षणी खाली कुणीतरी दगड उचलत असेल तरच उद्या हे दिसणार आहे. तुम्ही बघता ती वस्तू नाही, चालू असलेलं काम आहे. घाम वजा करून उरलेलं सौंदर्य बघा, असं इथे म्हणताच येत नाही. त्या हिरव्या रेषा म्हणजे भिंती, भिंती म्हणजे हात.

कांट स्वतः जन्मभर क्योनिग्सबर्गच्या आसपास राहिला. त्याला असं चार दिवस कड्यावर जाऊन बसायची वेळ आली नाही. आपल्याकडच्या सांख्यांनी मात्र पर्यटकाचं चित्र फार पूर्वी काढून ठेवलंय असं मला वाटतं. त्यांच्या मते जगात दोन तत्त्वं. प्रकृती सगळं करते, पुरुष नुसता बघतो. करणं त्याच्याकडे नाहीच, तो द्रष्टा. प्रकृती नर्तकीसारखी त्याच्यापुढे सगळं उलगडून दाखवते, स्वतःसाठी काही मागत नाही, आणि त्याचं बघून झालं की निवृत्त होते. तत्त्वज्ञान म्हणून याचा अर्थ खोल आहे. पण अनंताच्या सज्ज्यावर रांगेत उभं राहून आठवलं की हसू येतं. आपण सगळे पुरुष, बायकासुद्धा. तिकीट काढून आलेले द्रष्टे. फरक एवढाच, की सांख्यांच्या प्रकृतीला गुडघेदुखी नसते.

*

गुडघेदुखीचं कारण सांगते. देवगडला माझा चुलतभाऊ गेली पाच वर्षं होमस्टे चालवतो. जुनं घर, मागे कातळावर हापूसची कलमं. पाहुणे पुण्या-मुंबईहून येतात आणि पहिल्यांदा 'निसर्गरम्य' म्हणतात. ती कलमं कशी लागली हे त्यांना दिसत नाही. आजोबांच्या काळात कातळात सुरुंग लावून खड्डे केले आणि दुसरीकडून माती आणून ते भरले. माती डोक्यावरून वाहणाऱ्या बायकाच होत्या. आज बागेची राखण आणि फवारणी नेपाळहून आलेली माणसं करतात. आमच्याकडचा निसर्गही असा रचलेला आहे.

पण पाहुण्यांना सगळ्यात जास्त आवडतं ते अंगण. शेणाने सारवलेलं, कडेला रांगोळी. प्रत्येकाच्या फोटोत ते असतं. ते सारवते काकी. वय सदुसष्ट. आधी आठवड्यातून एकदा सारवायची, आता पाहुण्यांच्या हिशेबाने दोनदा-तीनदा. तिला लादी हवी होती. भाऊ म्हणायचा, लोक सारवण बघायला येतात गो आई, लादी त्यांच्या घरी पण आहे. तो काही दुष्ट नाही. होमस्टेच्या पैशांतूनच काकीच्या औषधांचा खर्च निघतो. म्हाताऱ्याच्या मुलाच्या पगारासारखंच हे. काकी एकदा मला म्हणाली, "तेंका बरा दिसता ता खरा, पण गुडघे माझे आसत."

एवढ्या वाक्यात सगळा प्रश्न आहे. सौंदर्य एकाच्या डोळ्यांत आणि किंमत दुसऱ्याच्या सांध्यांत.

यावर दोन उत्तरं नेहमी मिळतात आणि दोन्ही मला अपुरी वाटतात. पहिलं म्हणजे, जाऊच नका. पर्यटन वाईट, घरी बसा. हे म्हणायला सोपं आहे, पण आमच्यासारख्या सगळ्यांनीच पाठ फिरवली तर त्या म्हाताऱ्याची भिंत या फेब्रुवारीनंतर उभी राहत नाही आणि काकीची औषधंही थांबतात. दुसरं उत्तर म्हणजे, जा, पण कृतज्ञ राहा, जाणीव ठेवा. जाणीव चांगली गोष्ट आहे. पण तिचा एक धोका मला दिसतो. जाणीव झालेल्या माणसाला कष्ट आणखी सुंदर दिसू लागतात. आधी तो नुसती टेकडी बघत होता, आता टेकडीवर राबणारा हात बघून त्याचे डोळे भरून येतात, आणि मग तो हात तसाच राबत राहावा असं त्याला मनापासून वाटायला लागतं. रूळ त्याला खुपतो. लादी खुपते. त्याच्या जाणिवेचा भार पुन्हा तिच्याच गुडघ्यांवर.

मला जे म्हणायचंय ते असं. ज्याच्या कष्टातून एखादं दृश्य तयार होतं, त्याला ते दृश्य बिघडवण्याचा पहिला हक्क आहे. काळी जाळी घालण्याचा, रूळ टाकण्याचा, अंगणात लादी बसवण्याचा, आणि सगळं सोडून हॉटेलात ड्रायव्हर होण्याचासुद्धा. बघणाऱ्याला वाईट वाटू शकतं. वाईट वाटणं म्हणजे हक्क नव्हे. सुंदर राहण्याची सक्ती कुणावरही करता येत नाही, आपण तिचं कितीही कौतुक करत असलो तरी.

याच्यावर एक मोठा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. अंगण काकीचं एकटीचं आहे. टेकडी एकट्याची नाही. २५ ऑक्टोबर १९५४च्या रात्री या भागात असा पाऊस कोसळला की सालेर्नोपासून मायोरीपर्यंत डोंगर खाली आले आणि तीनशेहून जास्त माणसं गेली. तसल्या पावसापुढे कुठलीच भिंत पुरी पडणार नाही. पण त्यातून हे कळतं की हा डोंगर कसा आहे आणि त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांसाठी वरची भिंत म्हणजे काय. एकाने शेत सोडलं तर माती दुसऱ्याच्या घरात जाते. मग बिघडवण्याचा हक्क कसा देणार? इटलीच्या १९४८च्या राज्यघटनेचं नववं कलम तर देशाच्या भूदृश्याचं रक्षण हे प्रजासत्ताकाचं काम मानतं. संरक्षित भागात काय बांधायचं आणि काय बदलायचं यावर कायद्याची बंधनं आहेत.

माझं उत्तर असं की आक्षेप बरोबर आहे आणि म्हणूनच बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलं पाहिजे. भिंत सगळ्यांना हवी असेल, खालच्या गावाला जिवासाठी आणि आम्हाला फोटोसाठी, तर ती एका म्हाताऱ्याच्या पाठीवर आणि त्याच्या मुलाच्या भलेपणावर सोडता येत नाही. तिची मजुरी द्यायला हवी. उघडपणे, मजुरी म्हणून. इटलीत मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीमागे पर्यटकाकडून गावाचा कर घेतात. आम्ही तो कुरकुर न करता दिला, पण त्यातला किती भाग भिंतीपर्यंत जातो हे पावतीवर नव्हतं. ते असायला हवं. बागेच्या तिकिटावर निकोला मान्सीच्या बागेशेजारी खालच्या भिंतींचाही वाटा लिहिता येईल. हे परोपकार म्हणून नको आणि 'स्थानिकांना मदत' म्हणूनही नको. लान्दोल्फोने त्या भांडी घासणाऱ्या बाईला पैसे पाठवले ते तिने केलेल्या कामाचे. जीव वाचला, त्याची परतफेड. तिने पुढच्या वेळीही वाळूनेच भांडी घासावीत अशी अट त्याने घातली नव्हती.

आणि मजुरी द्यायची तयारी नसेल, तर मग मागणीही करू नये. टेकडीने आपल्यासाठी तशीच राहावं, असं म्हणायची सोय मग उरत नाही. या दोन्हींपैकी एक निवडावं लागेल. दोन्ही टाळून फक्त उसासा टाकायचा, हा तिसरा पर्याय आपण आजवर वापरत आलो आहोत.

चार दिवसांच्या पाहुण्याने यात काय करायचं? फार नाही, आणि फार करायचा आव तर अजिबात आणू नये. तिथलं लिंबू तिथल्या भावाने घ्यावं, घासाघीस न करता. रूळ फोटोत येऊ द्यावा. घरी येऊन लिहिताना 'निसर्ग' हा शब्द जपून वापरावा. आणि 'पूर्वीसारखं राहिलं नाही' असं म्हणायची हुक्की आली, तर पूर्वी ते कुणाच्या पाठीवर होतं एवढं स्वतःला विचारावं.

*

गेल्या दिवाळीत काकीच्या अंगणात लादी बसली. भावानेच बसवली, गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर त्याचा युक्तिवाद संपला. गडगा आहे तसाच आहे, दर पावसाळ्यात पडतो, आणि आता तो रचायला गडी मजुरीने बोलावतात. तुळशीपुढचा दोन हातांचा तुकडा तेवढा काकीने हट्टाने मातीचा ठेवला. ते स्वतःसाठी.

या मोसमातल्या एका पाहुणीने अभिप्रायात लिहिलं, जागा सुंदर आहे, जेवण उत्तम, पण अंगणात लादी घालून गावपण घालवलंय. पाचापैकी तीन तारे. भावाने मला फोनवर वाचून दाखवलं आणि विचारलं, हिला काय उत्तर देऊ?

मी म्हटलं, लिही, पुढच्या वेळी याल तेव्हा मागच्या पडवीत सारवणाची सोय करू. शेण आम्ही देऊ, तासाभराचं काम आहे, सारवायचं तुम्ही.

तो खूप हसला. पण पाठवलं मात्र त्याने वेगळंच: आपल्या सूचनेबद्दल आभार, पुन्हा अवश्य या. धंदा आहे त्याचा.